गावचा फलक वाचता आला पाहिजे

धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक ग्रामपंचायतींच्या भिंतींवर माहिती भरपूर असते. नागरिकांची सनद, मंजूर कामांची यादी, घरकुलाचे लाभार्थी, पाण्याचा ताळेबंद, करवसुलीचे आवाहन असे बरेच काही तिथे रंगवलेले किंवा चिकटवलेले असते. तरीही माणसे आत येऊन विचारतात, "माझं नाव आहे का? पाणी कधी सुटणार? कागद कोणते लागतील?" बाहेर लिहिलेले असूनही आत विचारावे लागत असेल, तर तो फलक आपले काम करत नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक, बचत गटांच्या अध्यक्षा आणि जलसमित्यांचे कार्यकर्ते यांच्याकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. अक्षर किती मोठे ठेवायचे? आलेख काढायचा की कोष्टक? पेंटरला नेमके काय सांगायचे? आणि गावकऱ्यांचा प्रश्न असा, की फलक समजलाच नाही तर दाद कुठे मागायची? या प्रश्नांची उत्तरे क्रमाने घेऊ. ती सगळी एकाच कसोटीवर उभी आहेत: फलक वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला आपण पुढे काय करायचे हे सांगता आले पाहिजे.

पहिली पायरी: फलक कोणासाठी आणि कशासाठी?

रंगाचा डबा उघडण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा.

- कोण वाचणार? शेतकरी, मजूर, विद्यार्थी, यात्रेकरू की पंचायत समितीचे अधिकारी?
- कुठून वाचणार? दारात उभे राहून, रस्त्यावरून जाताना, की बसच्या खिडकीतून?
- वाचून काय ठरवणार? सभेला यायचे का, अर्ज करायचा का, यंदा ऊस लावायचा का?

तिसरी ओळ सुचत नसेल तर फलकाची घाई करू नका. ती माहिती दप्तरात राहू द्या आणि मागेल त्याला दाखवा. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी लागणारा तपशील आणि गावकऱ्यांना लागणारी माहिती एकाच फलकावर कोंबली, की दोघांचीही अडचण होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील साधारण दर पाच माणसांमागे एकाला तेव्हा वाचता येत नव्हते. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायामाणसांचा विचार करा. म्हणून महत्त्वाच्या फलकाला चित्राची, दवंडीची किंवा ध्वनिक्षेपकाची जोड हवीच.

दुसरी पायरी: मजकूर कापा

सरकारी नोटिशीची भाषा फलकावर जशीच्या तशी उतरवली जाते आणि तिथेच वाचणारा थांबतो. नेहमीचा नमुना पाहा:

"सर्व ग्रामस्थांना या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, ग्रामपंचायतीची सर्वसाधारण ग्रामसभा दि. १५ ऑगस्ट रोजी सकाळी ठीक १० वाजता आयोजित करण्यात आलेली असून सदर सभेस सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे."

हीच माहिती अशी लिहा:

ग्रामसभा
शनिवार, १५ ऑगस्ट, सकाळी १० वाजता
मारुती मंदिरासमोर
विषय: १) टँकर आणि बोअर अधिग्रहण २) घरकुल यादी ३) शाळेची दुरुस्ती
घरकुलासाठी नाव द्यायचे असल्यास आधार कार्डाची झेरॉक्स आणा.

दुसऱ्या नमुन्यात शब्द फार वाढले नाहीत, पण ठिकाण, विषय आणि करायचे काम हे तिन्ही आले. पहिल्यात ते नव्हते. कायद्याने लागणारी पूर्ण नोटीस छापील स्वरूपात शेजारी लावा. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघावी लागते, म्हणून मोठा फलकही त्याच दिवशी लागला पाहिजे.

कापताना हे नियम पाळा:

- सर्वांत मोठी ओळ ही बातमीची असावी. पदाधिकाऱ्यांची नावे आणि फोटो वर घेतल्यास माहितीला जागा उरत नाही.
- एका ओळीत एकच गोष्ट सांगा.
- "सदर", "उपरोक्त", "नमूद", "विहित नमुन्यात" हे शब्द काढा. "विहित नमुन्यात अर्ज सादर करावा" याऐवजी "ग्रामपंचायतीत मिळणारा फॉर्म भरून द्या" असे लिहा.
- योजनेचे लांबलचक नाव एकदाच, लहान अक्षरात द्या. तिच्यातून काय मिळते ते मोठ्या अक्षरात लिहा.
- तारखेबरोबर वार लिहा. बाजाराच्या वारावरून दिवस मोजणारी माणसे गावात अजून पुष्कळ आहेत.

तिसरी पायरी: गावाची एकके वापरा

शासनाचे आकडे हेक्टर, घनमीटर, सहस्र घनमीटर आणि मीटरमध्ये येतात. गाव मात्र एकर, गुंठे, फूट आणि टँकरमध्ये बोलते. दोन्ही लागतात, पण मोठ्या अक्षरात गावाचे एकक हवे. रूपांतर करताना हे हाताशी ठेवा:

- १ हेक्टर = सुमारे अडीच एकर (नेमके २.४७); १ एकर = ४० गुंठे
- १ घनमीटर पाणी = १,००० लिटर
- १ सहस्र घनमीटर = १० लाख लिटर
- १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस = १०,००० लिटर
- १ मीटर = सुमारे ३.३ फूट

आकडे लिहिताना लाख आणि कोटी असे शब्द वापरा. "१५०००००" पेक्षा "१५ लाख" चटकन समजते. ज्या दशांशाने कोणाचा निर्णय बदलत नाही, तो काढून टाका. "१२.४७३ लाख" ऐवजी "सुमारे साडेबारा लाख" चालेल, मात्र खर्चाच्या हिशेबात रुपये पूर्ण लिहा. हाताने रंगवताना देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसू लागतात. रकमेत आणि फोन नंबरात हा घोटाळा महागात पडतो, म्हणून एका फलकावर एकाच पद्धतीचे अंक ठेवा आणि रक्कम अक्षरीही लिहा.

चौथी पायरी: अक्षराचा आकार, वळण आणि रंग

अक्षराची उंची मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा. वेलांटी, मात्रा आणि उकार यांची जागा वेगळी. कामचलाऊ हिशेब असा:

- ३ मीटरवरून (१० फूट) वाचायचे असल्यास: अक्षर किमान २.५ सेंटिमीटर
- ६ मीटरवरून (२० फूट): किमान ५ सेंटिमीटर
- १२ मीटरवरून (४० फूट, रस्त्याच्या पलीकडून): किमान १० सेंटिमीटर

दोन ओळींमध्ये अक्षराच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडा. मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, मात्रा त्याच जागेत येतात. जागा कमी पडली की "कु"चा उकार खालच्या "के"ला टेकतो. यावरून फलकात किती मजकूर मावेल हेही कळते. चार फूट उंच फलकावर ५ सेंटिमीटरची अक्षरे घेतली, तर शीर्षक आणि कडेची जागा सोडून आठ-नऊ ओळी बसतात. मजकूर वीस ओळींचा असेल तर तो निम्मा करा किंवा दोन फलक करा. अक्षर लहान करू नका.

वळणाबाबत:

- साधे, सरळ, सारख्या जाडीचे अक्षर निवडा. लग्नपत्रिकेतली वळणदार अक्षरे इथे उपयोगाची नाहीत.
- संगणकावर करत असाल तर मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असे मोफत मिळणारे युनिकोड टंक वापरा.
- अक्षराला सावली, दुहेरी कडा किंवा इंद्रधनुषी रंग देऊ नका.
- छपाईआधी जोडाक्षरे तपासा. "शेतकऱ्यांसाठी"चे "शेतकर्यांसाठी" होणे, वेलांटी भलत्या अक्षरावर जाणे आणि "प्र"चा तुकडा पडणे या फ्लेक्सच्या दुकानात रोज होणाऱ्या चुका आहेत. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की असे होते.

रंगाबाबत:

- पांढऱ्यावर काळा किंवा गडद निळा, पिवळ्यावर काळा, गडद हिरव्यावर पांढरा या जोड्या दुरून वाचता येतात. पांढऱ्यावर पिवळा, निळ्यावर लाल आणि लालवर हिरवा टाळा.
- मोबाइलवर फलकाचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. अक्षरे पुसट झाली तर रंगजोडी बदला.
- लाल आणि हिरवा यातला फरक काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, दिसत नाही. "लाल म्हणजे धोका" एवढ्यावर विसंबू नका. रंगाबरोबर शब्दही लिहा: "पिऊ नये", "सुरक्षित".
- चकचकीत फ्लेक्सवर दुपारचे ऊन चमकते आणि वर्षभरात रंग उडतो. कायम राहणारी माहिती भिंतीवर ऑइल पेंटने रंगवा. महिन्याला बदलणारे आकडे काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले उत्तम.

फलकाचा मधला भाग जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवा. छताला टेकलेला फलक म्हाताऱ्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्याला वाचता येत नाही.

पाचवी पायरी: कोष्टक, आलेख की चित्र?

वाचणारा काय शोधतो आहे यावर हे ठरते.

- स्वतःचे नाव किंवा एक आकडा शोधायचा असेल तर कोष्टक. घरकुल यादी, पाणीपट्टीची थकबाकी, मोंढ्यातले भाव. नावे वर्णानुक्रमाने किंवा वस्तीप्रमाणे लावा. मंजुरीच्या क्रमाने लावलेल्या यादीत कोणालाच आपले नाव सापडत नाही. दर पाच ओळींनंतर एक रेघ मारा.
- कमी-जास्त दाखवायचे असेल तर पट्ट्या. उभ्या किंवा आडव्या पट्ट्यांची सुरुवात शून्यापासूनच करा. मधूनच सुरू केल्यास छोटा फरक डोंगराएवढा दिसतो आणि गावाची दिशाभूल होते.
- काळाबरोबरचा बदल दाखवायचा असेल तर रेघ. महिन्यांचा पाऊस, विहिरीची पातळी.
- वाटे दाखवायचे असतील तर चौकोन. वर्तुळाचे तुकडे करून दाखवलेल्या आलेखात चारपेक्षा जास्त तुकडे झाले की कोणता मोठा ते कळत नाही. मोजता येणारे चौकोन पेंटरलाही सोपे जातात.
- वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोहोचायचे असेल तर चित्र. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर पक्षांची चिन्हे लावली, म्हणून अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी लोकांना मत देता आले. चित्र ओळखीच्या वस्तूचे हवे: हंडा, बोअर, नळ, टँकर, गाय. तेही तीनचार माणसांना दाखवून, "हे काय आहे?" असे विचारून मगच रंगवा.

त्रिमितीय पट्ट्या, आलेखामागे धरणाचा फोटो, चार रंगांच्या चौकटी या सजावटीने आकडा झाकला जातो.

पूर्ण उदाहरण: पाण्याचा ताळेबंद

दुष्काळाशी झुंजणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पाण्याचा ताळेबंद हा सर्वांत महत्त्वाचा फलक आहे. हिवरे बाजार या गावाचा पाण्याचा ताळेबंद राज्याला माहीत आहे. २५ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत राज्यातल्या निवडक जिल्ह्यांमध्ये आपला जिल्हाही होता. भूजलाची माहिती गावासमोर उघड मांडणे आणि लोकांनी मिळून जलसुरक्षा आराखडा करणे हाच त्या योजनेचा गाभा होता. पण अनेक गावांत ताळेबंदाचे फलक सहस्र घनमीटरमध्ये, पंधरा-वीस ओळींचे आहेत, आणि शेवटी येणाऱ्या उणे आकड्याचे काय करायचे ते कुठेच लिहिलेले नाही.

हाच फलक कसा असावा ते एका काल्पनिक गावावरून पाहू. लोकसंख्या २,००० आणि जनावरे ८०० धरू. पावसाळ्यानंतर वापरता येईल असे पाणी १५० कोटी लिटर आहे असे समजू. गरज अशी:

- माणसे (माणशी रोज ५५ लिटर): वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर
- जनावरे (दर जनावरास रोज ५० लिटर): सुमारे दीड कोटी लिटर
- ऊस १०० एकर (एकरी ८० लाख लिटर): ८० कोटी लिटर
- हरभरा ५०० एकर (एकरी १२ लाख लिटर): ६० कोटी लिटर
- ज्वारी २५० एकर (एकरी १२ लाख लिटर): ३० कोटी लिटर

एकूण गरज १७५.५ कोटी लिटर. तूट २५.५ कोटी लिटर. पिकाला एकरी लागणारे पाणी जमीन आणि सिंचनाच्या पद्धतीनुसार बदलते, त्यामुळे तुमच्या गावाचे आकडे कृषी विभागाकडून घ्या.

आता फलक रंगवा. एक चौकोन म्हणजे ५ कोटी लिटर. वरच्या ओळीत निळे ३० चौकोन आणि शेजारी "आपल्याकडे आहे" हे शब्द. खालच्या ओळीत गरज: माणसे-जनावरे मिळून १, ऊस १६, हरभरा १२, ज्वारी ६, असे ३५ चौकोन. प्रत्येक गटावर उसाचे, हरभऱ्याच्या घाट्याचे, कणसाचे चित्र. खालची ओळ पाच चौकोनांनी बाहेर येते, तिथे मोठ्या अक्षरात "इतके कमी पडते".

आणि सर्वांत खाली निर्णयाची ओळ:

३८ एकर उसाऐवजी हरभरा घेतला, तर तूट भरून निघते.

हिशेब सोपा आहे. एक एकर ऊस कमी करून हरभरा घेतला की ६८ लाख लिटर वाचतात, आणि ३८ एकरांचे जवळपास २६ कोटी लिटर होतात. ठिबकचा पर्याय असेल तर त्याचीही एक ओळ लिहा. माणसांच्या पिण्याला लागणारे पाणी एका चौकोनापेक्षाही कमी आहे, हे अशा चित्रात कोणालाही दिसते. ग्रामसभेत पुढची चर्चा इथूनच सुरू होते. एकट्या शेतकऱ्याला आज्ञा करण्यासाठी ही ओळ लिहू नका. गावापुढचा पर्याय म्हणून ती मांडा आणि ठराव ग्रामसभेवर सोडा.

पाणीपातळीचा आलेख उलटा काढा

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर. हे मोजमाप जमिनीपासून खाली असते. पातळी ६ मीटरवरून ९ मीटरवर गेली, म्हणजे पाणी खोल गेले. पण नेहमीच्या आलेखात ९ वर असतो आणि ६ खाली, त्यामुळे पाणी वाढल्यासारखे दिसते.

यावर उपाय असा: फलकाच्या वरच्या कडेला जमिनीची रेघ काढा, तिच्यावर एक झाड आणि घर रंगवा. त्याखाली विहिरीचे उभे चित्र काढून फुटांच्या खुणा वरून खाली लिहा. प्रत्येक मोजणीनंतर पाण्याची रेघ त्या खोलीवर मारा आणि शेजारी महिना लिहा. मागच्या वर्षीची त्याच महिन्याची रेघ तुटक ठेवा. मे महिन्याची तुलना मेशीच करा, ऑक्टोबरशी नको.

हीच रीत पुरालाही लागू होते. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा आणि भूम भागात पुराने मोठे नुकसान केले. अशा गावांत पाणी जिथवर चढले होते ती रेघ शाळेच्या, समाज मंदिराच्या भिंतीवर तारखेसह कायमची रंगवा. उंच जागा कोणती आणि तिकडे कोणत्या वाटेने जायचे याचा बाण शेजारीच हवा.

विकासकामाच्या फलकावर काय असावे?

रस्ता, नाला, सभागृह असे काम सुरू होते तिथे लागणारा फलक या सात प्रश्नांची उत्तरे देणारा असावा:

१. काम कोणते आणि कुठून कुठपर्यंत?
२. पैसा कोणत्या योजनेतून?
३. मंजूर रक्कम किती?
४. मापे काय: लांबी, रुंदी, जाडी?
५. गुत्तेदार कोण?
६. सुरू कधी झाले आणि संपणार कधी?
७. तक्रार कोणत्या कार्यालयात करायची?

मापे बहुधा गाळली जातात आणि नेमकी तीच गावकऱ्यांना टेप लावून तपासता येतात. "सिमेंट रस्ता, १० लाख रुपये" यावरून कोणाला काही पडताळता येत नाही. लांबी, रुंदी आणि जाडी लिहिली की येता-जाता कोणीही मोजू शकतो.

यात्रेच्या गावांसाठी दिशाफलक

तुळजापूरला नवरात्रात आणि पौर्णिमेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रातून भाविक येतात. अशा ठिकाणी:

- मराठी ठळक आणि वर असावी. त्याखाली कन्नड, तेलुगू किंवा हिंदी, पण एका फलकावर तीनपेक्षा जास्त भाषा नकोत. कन्नड-तेलुगू मजकूर ती भाषा वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.
- पाणी, स्वच्छतागृह, दवाखाना, बसस्थानक, हरवले-सापडले केंद्र या पाच गोष्टींना चित्र आणि बाण हवा. नुसता बाण पुरत नाही, "२०० पावले" किंवा "५ मिनिटे" असे अंतर लिहा.
- वाट जिथे फुटते तिथेच फलक लावा. वळण मागे पडल्यावर दिसणारा फलक उपयोगाचा नाही.
- गर्दीत डोक्यांच्या वर दिसेल इतक्या उंचीवर लावा. रात्री प्रकाश पडेल हे पाहा.
- जिल्ह्याचे नाव २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव झाले असले तरी बाहेरून येणाऱ्यांच्या जुन्या नकाशांत आणि कागदांत उस्मानाबाद आहे. महामार्गावरून येणाऱ्यांसाठी काही काळ कंसात जुने नाव ठेवणे सोयीचे.

व्हॉट्सॲपवर जाणारी सूचना

फलकाचा फोटो ग्रुपवर टाकला की अक्षरे बारीक होतात. मोबाइलसाठी उभ्या आकाराचे वेगळे चित्र करा आणि त्यात पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. तारीख आणि ग्रामपंचायतीचे नाव चित्रातच लिहा, कारण चित्र पुढे जाते आणि संदर्भ मागे राहतो. तोच मजकूर खाली टाइप करून द्या. ज्यांना दिसत नाही त्यांना मोबाइल तो वाचून दाखवतो. वाचता न येणाऱ्यांसाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश जोडा.

लावण्याआधी चाचणी घ्या

यासाठी खर्च लागत नाही. पेन्सिलीने काढलेला नमुना गावातल्या तिघांना दाखवा: एक म्हातारी बाई, एक सातवी-आठवीचे मूल आणि फलकाच्या विषयाशी संबंध नसलेला एक माणूस. "समजलं का?" असे विचारू नका, सगळे हो म्हणतील. त्याऐवजी विचारा:

- हा फलक कशाबद्दल आहे?
- तुम्हाला यातून काय करायचं आहे?
- कधी आणि कुठे जायचं?

तिघांपैकी एकही अडखळला तर चूक फलकाची आहे. दुरुस्त करून पुन्हा दाखवा. नमुना पक्का झाल्यावर पेंटरला किंवा फ्लेक्सवाल्याला मजकूर, अक्षराची उंची, रंगजोडी आणि मोकळी सोडायची जागा हे चारही लिहून द्या. छपाईआधीचा नमुना स्वतः वाचून सही करा.

नेहमी होणाऱ्या चुका

- तारीख नसणे. माहिती कोणत्या दिवशीची हे खालच्या कोपऱ्यात लिहा. गेल्या वर्षीचा भाव किंवा यादी आजची समजली जाते.
- जुना फलक तसाच ठेवणे. कोणता फलक कोण आणि कधी बदलणार याची नोंद मासिक सभेत करा.
- खासगी माहिती उघड करणे. लाभार्थी यादीत आधार क्रमांक, बँक खाते किंवा मोबाइल नंबर लिहू नका. आधार क्रमांक जाहीर प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. नाव, वस्ती आणि यादीतला क्रमांक पुरतो.
- एकाच जागी सगळे फलक लावणे. तांड्यावरची आणि वस्तीवरची माणसे रोज ग्रामपंचायतीत येत नाहीत. रेशन दुकान, अंगणवाडी, दूध संकलन केंद्र आणि पार इथे दुसरी प्रत लावा.
- थकबाकीदारांची बदनामी करणे. वसुलीचा फलक लोकांना पैसे कुठे आणि कसे भरायचे ते सांगण्यासाठी असतो.

वाचणाऱ्यांचे हक्क

फलक लावणे ही ग्रामपंचायतीची मेहेरबानी नाही. तुम्ही गावकरी असाल तर एवढे लक्षात ठेवा:

- माहिती अधिकार अधिनियम, २००५. कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. कलम ४(४) सांगते की ही माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशी पद्धत विचारात घ्यावी. फलक न कळणारा असेल तर हेच कलम अर्जात लिहा.
- माहितीचा अर्ज. राज्यात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना ते नाही. एका अर्जात एकच विषय घ्या आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तो अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास पहिले अपील करता येते, त्याची मुदत ३० दिवस. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करायचे असते. आपल्या जिल्ह्याची प्रकरणे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातात.
- महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, तो देणारा अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, हे कार्यालयाने सूचना फलकावर लावलेच पाहिजे.
- दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. माहिती दिव्यांगांनाही मिळेल अशी सोय करणे सरकारी कार्यालयांवर बंधनकारक आहे. मोठे अक्षर, योग्य उंची आणि ऐकू येईल अशी सूचना मागताना संकोच करू नका.
- ग्रामसभा. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. "पाण्याचा ताळेबंद गावाच्या एककात रंगवावा" किंवा "कामाच्या फलकावर मापे लिहावीत" असा ठराव तुम्ही मांडू शकता. तो इतिवृत्तात नोंदवला गेला का ते पाहा.

या महिन्यात एवढे करा

सगळे फलक एकदम बदलू नका. गावात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न निवडा आणि त्याचा एकच फलक वरच्या पद्धतीने करा. तिघांना दाखवा, दुरुस्त करा आणि लावा. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न विचारायला किती माणसे आत येतात ते ग्रामपंचायतीतल्या शिपायाला विचारा. संख्या घटली असेल तर पुढचा फलक घ्या. घटली नसेल तर मजकूर पुन्हा कापा. गावाचा पैसा, गावाचे पाणी आणि गावाचा हक्क यांची माहिती गावातल्या प्रत्येकाला वाचता आणि समजता यावी, यासाठी तुमच्या गावातला पहिला फलक तुम्हीच हाती घ्या.